श्वेत बटू ताऱ्याचे लोखंड आणि लातूरची भाकरी

मांजरा नदीच्या कोरड्या पात्रातली मूठभर वाळू कागदावर पसरावी आणि तिच्यावरून साधा लोहचुंबक फिरवावा. काही क्षणांत चुंबकाच्या टोकाला बारीक, काळ्या कणांची दाढी उगवते. नांदेडला गोदावरीच्या काठी हा प्रयोग केला तरी तेच दिसते. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका चुंबकीय खनिजाचे. पावसाने, उन्हाने झिजलेल्या काळ्या पाषाणातून ते वाहत आलेले असतात. ज्या पाषाणावर लातूर शहर उभे आहे आणि ज्याच्या पूर्वेकडील कडेशी नांदेड वसले आहे, त्या बेसाल्टच्या वजनाचा सुमारे दहावा भाग लोखंड आहे.

लोखंडाने इतक्या संपन्न असलेल्या या प्रदेशात पिकांची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. माणसांची अवस्थाही वेगळी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रासलेली होती. त्याआधीच्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात ते घटण्याऐवजी वाढले. रक्तक्षयाला लोहाची कमतरता हे एकमेव कारण नसले तरी ते एक प्रमुख कारण आहे.

खडकात विपुल असलेले लोह पानात आणि रक्तात का पोहोचत नाही, हा प्रश्न मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि आहारशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. मात्र त्याचा मागोवा घ्यायचा तर आरंभ या तिन्हींच्या पलीकडे, आकाशात करावा लागतो. कारण लोखंड पृथ्वीवर तयार झालेलेच नाही.

मुंबईहून निघालेले जहाज

१९३० च्या जुलैअखेरीस मुंबई बंदरातून निघालेल्या एका जहाजात सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण केंब्रिजला शिकायला निघाला होता. प्रवासात त्याने जी आकडेमोड केली, ती खगोलशास्त्राच्या इतिहासात अमर झाली. विषय होता श्वेत बटू ताऱ्यांचा.

सूर्यासारख्या ताऱ्यातले इंधन संपले, की त्याचे बाहेरचे थर अवकाशात विखुरतात आणि आतला गाभा आकुंचन पावून पृथ्वीएवढ्या आकाराचा होतो. वस्तुमान मात्र सूर्याच्या तोडीचे राहते. हा श्वेत बटू. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या मागोमाग उगवणाऱ्या तेजस्वी व्याधाला असाच एक सोबती आहे. १८६२ मध्ये तो प्रथम दुर्बिणीतून दिसला. चमचाभर श्वेत बटूचे वजन काही टन भरेल. अशा ताऱ्याला स्वतःच्या भाराखाली चिरडून जाण्यापासून इलेक्ट्रॉन वाचवतात. ठरावीक मर्यादेपलीकडे इलेक्ट्रॉन एकमेकांजवळ कोंबता येत नाहीत आणि त्यांचा हा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. चंद्रशेखर यांनी दाखवून दिले, की या आधारालाही सीमा आहे. सूर्याच्या सुमारे १.४४ पट वस्तुमानाच्या वर श्वेत बटू टिकू शकत नाही. ही ‘चंद्रशेखर मर्यादा’.

१९३५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्या काळचे अग्रगण्य खगोलविद सर आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. त्या सभेत चंद्रशेखरांच्या बाजूने कोणी बोलले नाही. नोबेल पारितोषिक १९८३ मध्ये मिळाले, म्हणजे त्या सागरप्रवासानंतर त्रेपन्न वर्षांनी. पुण्यातील ‘आयुका’ संस्थेचे लोकार्पण १९९२ च्या डिसेंबरात त्यांच्याच हस्ते झाले होते, हे महाराष्ट्रातील वाचकांपैकी काहींना आठवत असेल.

एकटा श्वेत बटू शांतपणे थंड होत जातो. आपला सूर्यही शेवटी तेच करणार आहे. पण शेजारी दुसरा तारा असेल, तर कथा बदलते. श्वेत बटू सोबत्याचे द्रव्य ओढून घेत मर्यादेच्या जवळ पोहोचतो, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर एकमेकांवर आदळतात. यांपैकी कोणता मार्ग अधिक वेळा घडतो, यावर आजही शास्त्रज्ञांत एकमत नाही. पुढे जे होते ते मात्र बऱ्याच अंशी समजले आहे. ताऱ्यातला कार्बन पेटतो. साधा तारा तापला तर फुगतो आणि फुगल्यामुळे थंड होतो, म्हणून तो कोट्यवधी वर्षे नीट जळत राहतो. श्वेत बटूतला दाब तापमानावर अवलंबून नसल्यामुळे त्याला फुगून थंड होण्याची सोय नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी त्याची गत होते. अवघ्या काही सेकंदांत संपूर्ण तारा फुटतो आणि त्याच्या जागी मागे काहीच उरत नाही. या स्फोटाला ‘पहिल्या-अ’ प्रकारचा सुपरनोव्हा म्हणतात. १५७२ मध्ये टायको ब्राहे याने पाहिलेला ‘नवा तारा’ याच प्रकारचा होता.

या भट्टीत कार्बन आणि ऑक्सिजनचे अणुगर्भ जुळत जुळत मुख्यतः निकेल-५६ तयार होते. एका स्फोटात सूर्याच्या सुमारे ०.६ पट. हे निकेल अस्थिर असते. सुमारे सहा दिवसांत त्यातले निम्मे कोबाल्ट-५६ होते आणि त्या कोबाल्टचे सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड-५६ बनते. लोखंडाशी साखळी थांबते, कारण तो अत्यंत घट्ट बांधणीचा अणुगर्भ आहे. स्फोटानंतर कित्येक आठवडे दिसणारा झगमगाट हा वस्तुतः लोखंड जन्माला येताना पडणारा प्रकाश असतो. २०१४ मध्ये एम-८२ या दीर्घिकेत झालेल्या अशा स्फोटातून येणारे कोबाल्ट-५६ चे गॅमा किरण ‘इंटिग्रल’ या युरोपीय उपग्रहाने थेट टिपले आणि हे गणित कागदावरून प्रत्यक्षात उतरले. महाकाय तारे कोसळून होणाऱ्या सुपरनोव्हातूनही लोखंड मिळते, पण १९८७ च्या प्रसिद्ध स्फोटात ते सूर्याच्या ०.०७ पटच होते. म्हणूनच सूर्यमालेतले निम्मे किंवा त्याहून अधिक लोखंड श्वेत बटूंच्या स्फोटांतून आले असावे, असे मानले जाते. ते स्फोट सूर्याच्या जन्माआधी, म्हणजे सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले.

मराठवाड्याच्या वाचकाला साहजिक प्रश्न पडेल, की शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला श्वेत बटूंची टक्कर जाणवेल का? २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. उत्तर नकारार्थी आहे. चार किलोमीटर लांबीच्या भुजांची ही वेधशाळा कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे यांच्या वेगवान गिरक्या टिपण्यासाठी आहे. श्वेत बटूंच्या जोड्या त्यामानाने संथ फिरतात, एका फेरीला काही मिनिटे घेतात. त्यांच्यासाठी २५ लाख किलोमीटर अंतरावर तीन उपग्रह ठेवणारी ‘लिसा’ ही युरोपीय मोहीम आखलेली आहे. तिला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली असून प्रक्षेपण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे.

किल्लारीखालचा पाषाण

पृथ्वी घडताना तिच्यात आलेले बहुतेक लोखंड वितळून केंद्राकडे गेले. उरलेल्याचा काही अंश वरच्या प्रावरणात राहिला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते प्रावरण वितळून भेगांतून वर आले आणि थरावर थर पसरत दख्खनचे पठार घडले. आज हा लाव्हा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

लातूर जिल्ह्यात तो किती जाड आहे, हे एका शोकांतिकेमुळे नेमके कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. शांत समजल्या जाणाऱ्या भूमीत असे का व्हावे, हे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. पहिले ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक आणि मग अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला अतिप्राचीन पाया असा तो छेद आहे. नांदेडकडून देगलूरच्या दिशेने जाताना हे बेसाल्टचे पांघरूण संपते आणि ग्रॅनाइटच्या गोल शिळा दिसू लागतात. दोन्ही भागांतील मातीचा पोत वेगळा, पिकांची वागणूकही वेगळी.

त्या लाव्ह्याबरोबर बाहेर पडलेल्या गंधकाच्या आणि कार्बनच्या वायूंनी जगाचे हवामान ढवळून काढले. डायनोसॉरांच्या विनाशात मुख्य दोष मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ आदळलेल्या अशनीचा की दख्खनच्या ज्वालामुखींचा, हा वाद अजून मिटलेला नाही. अशनीचे पारडे जड आहे, एवढेच म्हणता येईल.

येथे महत्त्वाचे आहे ते नंतरचे. बेसाल्ट झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून खडकातल्या कॅल्शियमशी संयोग पावतो. भरपूर पावसाच्या प्रदेशात हे सारे वाहून समुद्रात जाते. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे ते मातीतच साचते. नांगराच्या फाळाला लागणारे पांढरे खडे, म्हणजे चुनखडी, ती हीच. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे काळ्या मातीचे थर तपासून दाखवले आहे, की हवामान जसजसे कोरडे होते, तसतशी मातीत चुनखडी वाढते आणि जमीन हळूहळू चोपण होण्याकडे झुकते.

तिजोरी आणि किल्ली

चुनखडीमुळे माती विम्लधर्मी होते. तिचा सामू आठच्या आसपास किंवा वर जातो. अशा मातीत लोह गंजाच्या रूपात बसून राहते. हवेशी संयोग झालेल्या लोहाची विद्राव्यता सामू एका अंकाने वाढला की सुमारे हजारपटीने घटते. मुळे पाण्यात विरघळलेले लोहच घेऊ शकतात. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली अशी ही स्थिती आहे. मातीचा रंगही फसवा आहे. काळा रंग लोहाच्या मुबलकतेची खूण नव्हे, तो चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्याच्या संयोगातून तसेच काही काळ्या खनिजांमुळे येतो. लोह डोळ्यांना दिसते ते लातूरला लागून असलेल्या बीदरच्या पठारावरील तांबड्या जांभ्यात.

लोह हरितद्रव्याचा घटक नसले तरी हरितद्रव्य तयार होण्यासाठी ते लागतेच. ते मिळाले नाही, की कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस उत्पादक याला ‘केवडा पडला’ म्हणतात. हेच नाव ज्वारी-बाजरीच्या एका बुरशीजन्य रोगालाही असल्याने गोंधळ होतो. सोयाबीनमध्ये तर तो अधिक होतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग आणि लोहाची कमतरता या दोन्हींत शेत पिवळेच दिसते. मोझॅकवर हिराकशीची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. कमतरतेत मात्र अर्धा टक्का हिराकस किंवा चिलेटेड लोहाची फवारणी झाली, तर पाने पुन्हा हिरवी होऊ लागतात.

वनस्पती हातावर हात ठेवून बसलेल्या नसतात. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांची मुळे आम्ल सोडून सभोवतालची माती किंचित आंबट करतात आणि लोहाचे विद्राव्य रूपांतर घडवतात. गहू, सातू, ज्वारी ही गवताच्या कुळातली पिके वेगळी युक्ती वापरतात. ती लोहाला चिमट्यात धरणारी द्रव्ये मुळांतून सोडतात आणि लोहासकट ती परत शोषून घेतात. सातू यात उदार आहे, ज्वारी मात्र बरीच काटकसरी.

यातली पहिली युक्ती पावसाच्या लहरीपणापुढे हतबल ठरते. सलग पाऊस पडून शेतात पाणी साचले, की मातीतल्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडतो, त्यापासून बायकार्बोनेट वाढते आणि मुळांनी सोडलेले आम्ल जागच्या जागी निष्प्रभ होते. आठवडाभराच्या झडीनंतर हिरवेगार सोयाबीन अचानक पिवळे दिसू लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच लातूरसह नांदेड आणि आसपासच्या जिल्ह्यांत अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. कोरडेपणाने चुनखडी वाढायची आणि अतिवृष्टीने तिचा दंश तीव्र व्हायचा, अशी दुहेरी कोंडी आहे.

हवाच बदलली तर

बदलत्या हवामानाचा आणखी एक परिणाम डोळ्यांना अजिबात दिसत नाही. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. या शतकाच्या मध्याच्या सुमारास ५५० चा टप्पा गाठला जाण्याची शक्यता गृहीत धरून जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत उघड्या शेतांत नळ्यांची वर्तुळे उभारून हा वायू सोडण्यात आला आणि पिके वाढवण्यात आली. सॅम्युएल मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. गव्हातले लोह ५.१ टक्के आणि जस्त ९.३ टक्के घटले, तांदळातले लोह ५.२ टक्के, सोयाबीनमधले ४.१ टक्के. ज्वारी आणि मका यांच्यावर हा परिणाम तुलनेने कमी दिसला. या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच वेगळी आहे. ती पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड आधीच साठवून घेतात, त्यामुळे बाहेर तो वाढल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही.

पाच टक्के ही घट किरकोळ वाटेल. ज्या घरात ताटात भाकरी-पोळीखेरीज लोहाचा दुसरा आधार फारसा नसतो, तेथे ती किरकोळ राहत नाही. दुर्दैव असे, की ज्या दशकांत हे ज्ञान हाती येत होते, त्याच काळात मराठवाड्यातील खरीप ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले आणि त्या जागी सोयाबीन आले. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळच्या पावसाने काळी पडते आणि तिला दर मिळत नाही. सोयाबीन निदान रोख पैसा देते. पण ते घरच्या ताटात नगण्य प्रमाणातच येते.

परभणीची ‘शक्ती’

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे येतात. या विद्यापीठाने हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ज्वारीचे ‘परभणी शक्ती’ हे वाण विकसित केले आणि २०१८ च्या जुलैमध्ये ते प्रसारित झाले. लोह-जस्ताने समृद्ध असे देशातले हे पहिले ज्वारीचे वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते, या वाणात ते अनुक्रमे ४५ आणि ३२ आहे. बाहेरचे जनुक न घालता, पारंपरिक निवड आणि संकराच्या मार्गाने हे साधले आहे.

हिशेब सोपा आहे. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या स्त्रीला साध्या ज्वारीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळते, ‘शक्ती’तून साडेतेरा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तिला रोज २९ मिलिग्रॅम हवे. म्हणजे भाकरी एकटी पुरी पडत नाही, पण अंतर बरेच कापते. शिवाय धान्यातल्या फायटेटमुळे लोहाचा थोडाच अंश आतड्यातून रक्तात शिरतो. जेवणात लिंबाची फोड असेल तर तो वाढतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतो. ताटात लिंबू वाढण्याच्या जुन्या पद्धतीला निदान या बाबतीत विज्ञानाची साथ आहे.

अशा धान्याचा खरेच उपयोग होतो का, याचे उत्तर बाजरीच्या बाबतीत महाराष्ट्रातच मिळाले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींना दोन गटांत विभागून सहा महिने बाजरीचे पदार्थ, मुख्यतः भाकरी, देण्यात आली. एका गटाला लोहसमृद्ध बाजरी, दुसऱ्याला साधी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा अधिक वाढला आणि सुरुवातीला ज्यांना कमतरता होती, त्यांच्यापैकी अधिक मुले तीतून बाहेर आली. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही, रोजचेच जेवण.

‘परभणी शक्ती’पुढची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. ती खरिपाची आहे आणि मराठवाड्याच्या जिभेवर राज्य आहे रब्बीच्या मालदांडीचे. शिवाय आडतीत धान्याचा रंग, दाण्याचा आकार आणि ओलावा पाहून दर ठरतो. दाण्यातले लोह ना दिसते, ना चवीला लागते. त्यामुळे ते पिकवणाऱ्याला त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही.

मोजणे मात्र अवघड राहिलेले नाही. इक्रिसॅटच्या प्रयोगशाळेत मूठभर दाण्यांवर क्ष-किरण सोडले जातात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकते. लोहाची ही खूण ६.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला उमटते. टायकोने पाहिलेल्या श्वेत बटूच्या स्फोटाचे अवशेष आजही अवकाशात पसरत आहेत. १९९९ मध्ये सोडलेल्या आणि चंद्रशेखरांचेच नाव असलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने त्यांतले लोखंड याच ऊर्जेच्या आसपास टिपले. ज्वारीच्या बाबतीत या तपासणीला काही मिनिटे पुरतात आणि दाणे खराब होत नाहीत. तपासून झालेले बी तसेच पेरता येते.